वीस टक्के, पण कशाचे? को-होस्टशी दर महिन्याला हिशेब का फिसकटतो

एअरबीएनबीसारख्या अ‍ॅपवर घर पाहुण्यांना रात्रीच्या भाड्यानं देतात, तेव्हा मालकाच्या वतीनं ते घर सांभाळणारा तो को-होस्ट. त्याच्या वाट्यावरून वाजतं, त्याचं लक्षण असं असतं. महिना संपतो, पाच-सहा तारखेला घरमालक को-होस्टला पैसे पाठवतो, आणि दहाव्या मिनिटाला मेसेज येतो, "एवढेच?" मग स्क्रीनशॉट सुरू होतात. एकाचा आकडा ११,२००, दुसऱ्याचा १३,४००. दोघं आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा चापतोय. एकदा मिटतं, पुढच्या महिन्यात तेच.

मी या भांडणाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. कोल्हापुरात फुलेवाडीतला आमचा वन बीएचके माझे धाकटे दीर सांभाळतात, तिथं मी मालकीण. रंकाळ्याजवळचा एक फ्लॅट पुण्यात राहणाऱ्या काका-काकूंचा आहे, तिथं मी को-होस्ट. दिवसभर राजारामपुरीत एका कर सल्लागारांकडे नोंदी करते, म्हणून आकड्यांची भीती नाही. तरीही पहिल्या वर्षी दोन्हीकडे वाजलं. कुणाची नियत खराब होती म्हणून नव्हे, "वीस टक्के" हा शब्द आम्ही तोंडी ठरवला आणि कशाचे ते कुणीच विचारलं नाही म्हणून.

एकच बुकिंग, पाच आकडे

समजा तीन रात्री, रात्रीला २,४०० रुपये. भाडं ७,२००. क्लिनिंग फी ५००. एकूण ७,७००. त्यातून अ‍ॅपचं कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) मिळून साधारण २८० रुपये गेले असं धरू. बँकेत आले ७,४२०. सफाईच्या मावशी ५००, चादरी-टॉवेलची लाँड्री २४०, विजेचे अंदाजे १८०. हा खर्च ९२०, हातात राहिले ६,५००.

आता वीस टक्के काढा. भाड्यावर १,४४०. क्लिनिंग धरून १,५४०. बँकेत आलेल्या रकमेवर १,४८४. त्यातून क्लिनिंग वजा करून १,३८४. सगळा खर्च वजा करून १,३००. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात २४० रुपयांचा फरक. महिन्याला दहा बुकिंगं झाली की २,४००. नवरात्रात याहून जास्त. को-होस्ट मनात १,५४० धरून बसलाय आणि मालक १,३०० पाठवतोय. एवढंच झालेलं असतं.

यातला कुठला आकडा खरा? माझं मत विचाराल तर क्लिनिंग फी टक्केवारीत धरूच नये. ते मावशींचे पैसे आहेत. को-होस्टनं स्वतः झाडलोट केली तर ते त्याचे, अख्खेच्या अख्खे. अ‍ॅपचं कमिशन आधी वजा करावं, कारण ते मालकाच्या हातात कधी येतच नाही. लाँड्री आणि वीज मात्र वजा करू नये. तो घर चालवण्याचा खर्च आहे आणि घर मालकाचं आहे. मालकाला हे पटत नसेल तर टक्का कमी ठरवावा, पण खर्चात को-होस्टला ओढू नये. कारण तसं केलं की को-होस्ट पुढच्या महिन्यात गीझर बंद ठेवायला लागतो आणि रिव्ह्यूत "गरम पाणी नव्हतं" येतं. हे आमच्याकडे झालेलं आहे.

टीडीएसची गंमत वेगळीच. तो मालकाच्या पॅनवर कापला जातो आणि रिटर्न भरताना मालकाच्याच करात वळता होतो. म्हणजे तो मालकाचा भरलेला कर झाला, बुकिंगचा खर्च नाही. को-होस्टच्या वाट्यासाठी रक्कम धरताना तो परत त्यात जोडायचा. ऑक्टोबर २०२४ पासून अ‍ॅपवरच्या विक्रीवरचा हा टीडीएस १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला, त्यामुळे ७,७०० वर आठ रुपयेसुद्धा होत नाहीत आणि कुणी भांडत नाही. पण खात्याला पॅन नीट जोडलेला नसेल तर तोच ५ टक्के होतो, म्हणजे ३८५ रुपये. काकांच्या खात्यावर पहिले दोन महिने हेच चालू होतं आणि मी समजत होते की काका काहीतरी लपवतायत. पेआउट, म्हणजे अ‍ॅपकडून बँकेत येणारी रक्कम, अचानक पाच टक्क्यांनी कमी यायला लागला तर भांडायच्या आधी पॅन बघा.

पाहुण्याची पावती बघून हिशेब करू नका

हे खास को-होस्टांसाठी. पाहुणा दारात मोबाइल दाखवतो, "मी तर नऊ हजारांच्या वर भरलेत." तुमच्या डोक्यात लगेच वीस टक्क्यांचे अठराशे होतात. त्या रकमेत पाहुण्याकडून घेतलेलं अ‍ॅपचं शुल्क असतं आणि जीएसटी असतो. रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झाला. नेमकी त्या दिवशी घटस्थापना होती. आमच्याकडे सकाळी घट बसवले आणि दुपारी दिरांचा फोन, "वहिनी, पाहुण्याची रक्कम कमी दिसतीया, तुम्ही रेट पाडला काय?" रेट तोच होता, कर उतरला होता. हे दोन्ही पैसे मालकाकडे येतच नाहीत.

आणि अ‍ॅपमध्ये को-होस्टला पूर्ण अ‍ॅक्सेस दिला तरी मालकाचं बँकेचं आणि कराचं पान त्याला उघडत नाही. म्हणजे को-होस्ट बराचसा अंधारात असतो. तो संशय घेतो म्हणून चिडण्यात अर्थ नाही. मालकानं महिन्याच्या शेवटी कमाईचा अहवाल अ‍ॅपवरून उतरवायचा आणि आहे तसा को-होस्टला पाठवायचा. फक्त बँकेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण दोन बुकिंगांचे पैसे कधी कधी एकत्र जमा होतात.

बुकिंग कुठल्या महिन्याचं?

एअरबीएनबीवर पैसे पाहुणा आल्यानंतर साधारण २४ तासांनी सुटतात. बँकेत पोचायला आणखी दिवस लागतात, मध्ये सुट्टी आली की आणखी. २०२५ चं नवरात्र बरोबर महिन्याच्या सांध्यावर आलं. आमचं एक बुकिंग २९ सप्टेंबरला चेक-इन, २ ऑक्टोबरला म्हणजे दसऱ्याला चेकआउट. शाही दसरा बघायला आलेलं नाशिकचं कुटुंब होतं. दिरांनी ते सप्टेंबरमध्ये धरलं, मी ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबरचा हिशेब दीड हजारानं चुकला आणि त्यावर आम्ही चार दिवस बोललो नाही. ऑक्टोबरच्या हिशेबात ते आपोआप आलं असतं.

उपाय सोपा आहे. चेकआउट ज्या महिन्यात, बुकिंग त्या महिन्यातलं. पैसे आल्याची तारीख धरू नका, ती बँकेच्या मर्जीवर असते. आणि वाटा चुकवायचा दिवस पुढच्या महिन्याची ७ तारीख धरा, म्हणजे ३० तारखेला निघालेल्या पाहुण्याचे पैसेही तोवर आलेले असतात.

रद्द झालेलं बुकिंग आणि मायनस

पावसाळ्यात हे हमखास होतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं पात्र सोडलं तेव्हा शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, पुण्याकडून येणारा पाहुणा येणार तरी कुठून? तसा महापूर दरवर्षी येत नाही, पण राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी टीव्हीवर लागली की फोन सुरू होतात. मालक मोठ्या मनानं पूर्ण रिफंड देतो. ते चांगलंच आहे. पण को-होस्टनं दूध आणलेलं असतं, मावशींना बोलावलेलं असतं, रिक्षावाल्याला स्टेशनवर थांबायला सांगितलेलं असतं.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. पाहुणा आला, पैसे आले, को-होस्टचा वाटा गेला, आणि मग पाहुण्यानं तक्रार करून एका रात्रीचे पैसे परत मिळवले. अ‍ॅप ते पुढच्या पेआउटमधून कापून घेतं. पुढच्या महिन्यात एक चांगलं बुकिंग अर्ध्या रकमेचं दिसतं आणि को-होस्टला कळत नाही की आपलं काय चुकलं. मालकानं अशा कपातीसमोर मूळ बुकिंगचा कोड लिहिला की निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा म्हणजे भुर्दंड कुणाचा. आम्ही असं ठरवलंय: तक्रार को-होस्टच्या कामाची असेल, म्हणजे खोली अस्वच्छ किंवा किल्ली द्यायला उशीर, तर त्याचा वाटा त्या प्रमाणात कमी. तक्रार घराची असेल, म्हणजे गळका नळ किंवा बंद पडलेला एसी, तर मालकाचा. मालकानं आपल्या मर्जीनं रिफंड दिला असेल तर को-होस्टला ३०० रुपये तयारीचे.

मोडतोडीचंही इथंच सांगते. टीव्ही फुटला तर एअरबीएनबीवर भरपाईची मागणी पाहुण्याच्या चेकआउटपासून १४ दिवसांत करावी लागते. फोटो को-होस्टच काढू शकतो, अर्ज बरेचदा मालक करतो. दोघं एकमेकांवर सोडतात आणि पंधरावा दिवस उजाडतो. चेकआउटच्या दिवशी दुपारी पाच फोटो, हा आमचा नियम आहे. काही फुटलेलं नसलं तरी.

अ‍ॅपबाहेरचा पाहुणा

आता खरं दुखणं. बाकी सगळं गणित आहे, हे विश्वासाचं आहे. आणि इथं चूक माझीच होती.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळीकडचे वकील आणि पक्षकार इथं यायला लागले. आधी आमचा पाहुणा म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला, तिथून जोतिबा, पन्हाळा आणि परत. शनिवार-रविवारी गर्दी. आता मंगळवार-बुधवारीही फोन. सिंधुदुर्गातले एक वकील पहिल्यांदा अ‍ॅपवरून आले, दुसऱ्या वेळी त्यांनी सरळ मलाच फोन केला. "ताई, उद्याची तारीख आहे, फ्लॅट रिकामा आहे का?" होता. दोन रात्रींचे ४,००० रुपये माझ्या युपीआयवर आले. त्या आठवड्यात घरी लग्न होतं. काकांना सांगायचं राहून गेलं, आणि मग इतके दिवस झाले की सांगायची लाज वाटायला लागली.

काकांना कळलं ते महावितरणच्या बिलावरून. कॅलेंडरवर आठवडा रिकामा आणि युनिट मात्र भरलेल्या आठवड्याइतके. त्यांनी सोसायटीच्या वॉचमनकडून गेटच्या वहीचा फोटो मागवला आणि काही न लिहिता मला पाठवला. फोटोच्या खाली नुसतं प्रश्नचिन्ह. माझ्या लेखी तो विसराळूपणा होता, त्यांच्या लेखी चोरी, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

कायद्यातही हे स्पष्ट आहे. को-होस्ट बहुतेक वेळा मालकाचा एजंट असतो, आणि भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंटावर एक सबंध प्रकरण आहे. कलम २१३ प्रमाणे मालकानं मागितला की एजंटानं हिशेब द्यायलाच हवा. कलम २१६ प्रमाणे मालकाला न सांगता त्याच्याच धंद्यात स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. उलट बाजूही आहे. कलम २१७ एजंटाला मालकाच्या वतीनं घेतलेल्या पैशातून स्वतःचा मेहनताना आणि केलेला रास्त खर्च ठेवून घ्यायची मुभा देतं, आणि २१८ प्रमाणे उरलेले मालकाला द्यायचे. म्हणजे त्या ४,००० मधले ८०० मी ठेवून ३,२०० पाठवले असते तर काहीच बिघडलं नसतं. मी तेच केलं, पण दोन महिने उशिरा आणि रंगेहाथ सापडल्यावर.

यावर आमचा तोडगा असा. थेट आलेल्या कुठल्याही पाहुण्याची तारीख त्याच क्षणी अ‍ॅपच्या कॅलेंडरवर ब्लॉक करायची. पैसे मालकाच्या क्यूआर कोडवर, को-होस्टच्या नाही. थेट पाहुण्यावर को-होस्टला वीसऐवजी तीस टक्के, कारण तिथं अ‍ॅपचं कमिशन वाचतं आणि गिऱ्हाईक को-होस्टनं धरून ठेवलेलं असतं. तीस टक्के मिळायला लागल्यापासून मला एकही पाहुणा लपवावासा वाटलेला नाही. एक मात्र आहे: अ‍ॅपवरून आलेल्या पाहुण्याला "पुढच्या वेळी डायरेक्ट या" म्हणणं एअरबीएनबीच्या नियमात बसत नाही आणि लिस्टिंग, म्हणजे अ‍ॅपवरची घराची नोंद, जाऊ शकतं. आमचे थेट पाहुणे आता ओळखीतून आलेले असतात. ते वकील परत अ‍ॅपवरूनच येतात.

जेवणाच्या पैशाचं काय? पाहुण्यांना तांबडा-पांढरा हवा असतो आणि माझ्या सासूबाई करून देतात. मटण आमचं, गॅस आमचा, पैसे आमचे. काकूंनी एकदा त्यात टक्का सुचवला होता. मी म्हटलं, "काकू, मग भाकरी थापायला पण या." त्या हसल्या आणि विषय संपला. फ्लॅटमधला सिलिंडर वापरला असता तर मात्र त्यांचं बरोबर होतं.

वाजलंच आहे, आता काय?

फोन करू नका. आधी तक्ता. एका ओळीत एक बुकिंग: कोड, चेक-इन, चेकआउट, भाडं, क्लिनिंग, अ‍ॅपची कपात, बँकेत आलेले, को-होस्टचा वाटा. खाली खर्च, प्रत्येक खर्चाला बिल किंवा मावशींना पाठवलेल्या युपीआयचा फोटो. मग मेसेज. दिरांना मी पाठवला तो असा होता:

"भावजी, सप्टेंबरचा तक्ता पाठवलाय. ४ नंबरची ओळ (नाशिकचे) मी ऑक्टोबरला धरली, तुम्ही सप्टेंबरला. बाकी सगळं जुळतंय. ती ऑक्टोबरलाच ठेवूया का? नसेल पटत तर रविवारी घरी या, बसून बघू. येताना आईंचं औषध आणा."

ओळीचा नंबर सांगितला की भांडण त्या ओळीपुरतं राहतं. "तुमचा हिशेब नेहमीच असतो असा" म्हटलं की ते लग्नातल्या मानपानापर्यंत जातं.

आणि कितीही राग आला तरी पुढचे पाहुणे निघून गेल्याशिवाय को-होस्टला अ‍ॅपवरून काढू नका, कुलपाचा कोड बदलू नका. को-होस्टनंही किल्ली अडवून बसू नये. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरलेलं कुटुंब, म्हाताऱ्या आई आणि दोन बॅगा घेऊन बंद दारासमोर उभं राहतं आणि त्या रिव्ह्यूची किंमत दोघांनी मिळून मोजावी लागते. अ‍ॅपच्या मदतकेंद्राला तुमच्या वाट्याचं भांडण सोडवायला सांगण्यातही वेळ घालवू नका, ते याला तुम्हा दोघांतला व्यवहार मानतात. खात्यात को-होस्टला परस्पर ठरावीक टक्का किंवा रक्कम द्यायची सोय दिसत असेल तर ती चालू करा, निम्मे प्रश्न तिथंच कमी होतील.

बसूनही मिटलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड होते, खर्च जवळजवळ नाही. तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, आणि थकलेले पैसे मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा. रक्कम मोठी असेल तर नोटिशीआधी वकिलांना भेटा. आमच्या दोन्ही भांडणांत तिथवर जावं लागलं नाही.

शेवटी आम्ही एक पान लिहिलं. वीस टक्के कशावर, क्लिनिंग कुणाची, महिना कसा धरायचा, थेट पाहुणा, रिफंड, मोडतोड, चुकवायची तारीख, आणि सोडायचं झालं तर एक महिन्याची नोटीस. त्यात "भागीदारी" शब्द टाळला, "सेवाशुल्क" लिहिलं. काकांनी स्टॅम्प पेपरवर केलं. दिरांशी मी साध्या कागदावर केलं, दोघांच्या सह्या आणि सासूबाई साक्षीदार. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाकरीचं कुठं लिवलंय?" मग तेही लिहिलं.